देवबागची सुकती आणि आमची सहा माणसं

आमचा धाकटा दोन वर्षांचा असताना एका किनाऱ्यावर लाटेनं त्याला आडवं केलं. पाणी घोट्याच्या वर थोडंसंच होतं, नवरा दोन पावलांवर होता, लगेच उचललाही. पण त्यानंतर दोन वर्षं पोरगा समुद्राजवळ नेला की माकडासारखा मानेला चिकटायचा. सासूबाई साताऱ्याकडच्या. वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि समुद्र म्हणजे लांबून नमस्कार करायची गोष्ट. माझी आई ६८ची, तिला उलट कंबरभर पाण्यात जायचं असतं. मुलगी नऊ वर्षांची, तिला डॉल्फिन बघायचे होते. या सगळ्यांना एकत्र घेऊन जानेवारीत आम्ही देवबागला जाऊन आलो. निघायच्या आधी मला जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते लिहून ठेवतेय.

देवबाग कशासाठी, तर ऑफिसातला मालवणचा एक सहकारी म्हणाला, "लाटा नको असतील तर खाडीच्या तोंडाशी जा." मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेला गेलं की जमीन निमुळती होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. ती पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो. नदीनं आणलेली आणि समुद्रानं परत ढकललेली वाळू इथे साचते, तिचे उंचवटे होतात, आणि उंचवट्यांच्या आतल्या बाजूला पाणी परातीत ओतल्यासारखं उथळ. हे सगळं खरं आहे. पण तो गडी एक गोष्ट सांगायला विसरला, ती पुढे येईलच.

२६ जानेवारी रविवारी येत होती. म्हणजे २३ला गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवारची रजा टाकायची, आणि २७ला सकाळी ठाण्यात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आलंय, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. बोटं मोजून २४ नोव्हेंबर निघाला. रविवार होता, आदल्या दिवशी विधानसभेचे निकाल लागलेले, नवरा टीव्हीसमोर रात्री उशिरापर्यंत जागलेला. सकाळी आठला मी एकटीच लॅपटॉपसमोर बसले.

इथे एक बारीक गोष्ट आहे. सगळ्यांचं एकाच तिकिटावर आरक्षण केलं तर ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळेलच असं नाही. कोट्यांच्या यादीत 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' असा पर्याय असतो, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवाशांना चालतो. बायकांना वय ४५ पूर्ण असलं तरी पुरतं, पुरुषांना ६०. म्हणून आई आणि सासूबाई अशा दोघींचं वेगळं तिकीट काढलं, आम्हा तिघांचं वेगळं. चार वर्षांच्या धाकट्याला तिकीट नाही, पण बर्थही नाही. मुलीला स्वतंत्र बर्थ हवा म्हणून तिचं पूर्ण भाडं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे आईला दरवेळी नव्यानं सांगावं लागतं आणि दरवेळी तिला नव्यानं राग येतो. कोकणकन्येचं थ्री एसी मिळालं. पाचही कन्फर्म, दोघींना खालचे बर्थ.

परतीचं मात्र त्याच दिवशी निघत नाही. २६ची गाडी २७ नोव्हेंबरला उघडली. बुधवार, मी लोकलमध्ये उभी, एका हातात कडी आणि एका हातात मोबाईल. तुतारी एक्सप्रेसमध्ये दोघींचं झालं, आम्हा तिघांचं वेटिंगवर गेलं.

राहायला घरगुती न्याहरी-निवास शोधला. मी पाच ठिकाणी फोन केले आणि चारच प्रश्न विचारले. कमोड आहे का? खोली तळमजल्यावर आहे का? खोलीपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या? आणि समोर बंधारा आहे का? शेवटचा प्रश्न मला सुचला नव्हता, तिसऱ्या फोनवरच्या काकूंनीच सांगितला. समुद्राच्या बाजूची जमीन धुपून जाते म्हणून देवबागात काही ठिकाणी काळ्या दगडांचा बंधारा घातलाय. फोटोत खोलीसमोर समुद्र दिसतो, पण तिथवर पोचायला दगडांवरून चढून उतरावं लागतं. गुडघेवाल्या माणसाला ते जमणार नाही. त्या खरं बोलल्या म्हणून त्यांच्याकडेच नक्की केलं, कारण त्यांच्या बाजूला दगड नव्हते. दोन खोल्या, दोन रात्री, खोलीला २,२०० रुपये. निम्मे आगाऊ, आणि सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं व्हॉट्सॲपवर. आधार पाठवायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पाठवा, ती चालते.

मग १८ डिसेंबर आला. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली, आणि ते दृश्य टीव्हीवर संध्याकाळभर फिरत राहिलं. सासूबाईंनी जेवण अर्धं टाकलं. "रद्द कर," एवढंच म्हणाल्या. मग त्यांच्या भजनी मंडळातल्या कुणीतरी तारकर्लीजवळ मे २०२२ मध्ये पर्यटकांची बोट उलटून दोघं गेल्याचंही कानावर घातलं. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाच झोप लागली नव्हती. फक्त हिशेब सांगितला. कन्फर्म थ्री एसी तिकीट ४८ तासांपेक्षा आधी रद्द केलं तर तेव्हा माणशी १८० रुपये आणि वर जीएसटी कापत. म्हणजे २० जानेवारीला रद्द केलं तरी तेवढेच जाणार, घाई कशाला? सासूबाई आयुष्यभर शाळेचा जमाखर्च लिहीत आल्या, त्यांना हे पटलं. अट एकच घातली, त्या बोटीत बसणार नाहीत आणि नातवालाही बसू देणार नाहीत. मान्य केलं.

२३ला रात्री ठाणे स्टेशन. सासूबाईंसाठी चाकांची खुर्ची स्टेशन मास्तरांच्या ऑफिसातून मिळाली, पैसे नाहीत, नवऱ्याचं ओळखपत्र ठेवून घेतलं. ढकलायचं आपणच. मात्र गाडीच्या वेळेआधी पाऊण तास तरी पोचा, कारण खुर्ची असते एका टोकाला आणि लिफ्ट दुसऱ्या. गाडी रात्री पावणेबाराच्या सुमारास आली.

सकाळी आठच्या आसपास कुडाळ. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, त्यामुळे सावंतवाडी कुठे आली, कणकवली गेली का, हे सांगत बसणाऱ्या शेजाऱ्यावर विसंबू नका. कणकवली गेली की बॅगा दाराशी. सहा माणसं रिक्षात मावत नाहीत. काकूंनी ओळखीची इको गाडी पाठवली होती, देवबागपर्यंत १,६०० रुपये. वाटेत मालवणच्या बाजारात थांबून धाकट्यासाठी टोपी घेतली, कारण ती घरी खुंटीवरच राहिली होती.

दहाला पोचलो. घावणे आणि चटणी खाल्ली. अकराला मी म्हटलं, चला, संगम बघून येऊ.

इथे आमची चूक झाली. वाळूचं टोक सुरेख दिसत होतं. डावीकडे खाडीचं पाणी, हिरवट, गप्प, एक लाट नाही. धाकटासुद्धा खांद्यावरून खाली उतरला. नवरा चप्पल काढून पाण्यात शिरणार, तेवढ्यात जाळं सारखं करत बसलेले एक आजोबा मागून ओरडले, "ओ, पोराक घेवन थंय जाव नकात! सुकती लागली हा!"

सुकती म्हणजे ओहोटी, हे नंतर कळलं. आम्ही नुसतेच थांबलो. ते उठून आले, वाळूत पडलेलं नारळाचं सोडण उचललं आणि चार हातांवर पाण्यात फेकलं. मला वाटलं, तिथंच डुलत राहील. ते निघालंच. आधी सावकाश, मग कुणी दोरी बांधून ओढावं तसं समुद्राकडे. मुलगी काठानं त्याच्या बरोबर चालायला लागली, मग पळायला लागली, आणि मागे पडली. एवढ्या वेळात पाण्यावर एक सुरकुती उठली नव्हती.

"पाणी गप दिसता, पण ओढता," एवढं म्हणून आजोबा परत जाळ्याकडे गेले.

दुपारी जेवताना काकूंना विचारलं. त्यांनी हिशेब सांगितला तो आमच्या सगळ्या ट्रिपचा कणा झाला. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. त्या दिवशी दशमी होती, दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती, दीडला ओहोटी, आणि आम्ही अकराला गेलो तेव्हा खाडी अगदी जोरात रिकामी होत होती. सगळ्या खाडीचं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं, म्हणून मधले दोन-तीन तास सगळ्यात वाईट. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण काटा कुठे आहे ते कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं. आम्ही नकळत भांगानंतर दोन दिवसांनी आलो होतो. तेवढं नशीब.

"उद्या एकादशी," काकू म्हणाल्या, "सव्वाआठाक भरती, दोन-अडीचाक पुरी सुकती. दीडाक पोरांका घेवन जावा, साडेतीनाक परत येवा."

साडेतीनच का, चार का नाही, असं नवऱ्यानं विचारलं. कारण भरती लागली की वाळूच्या उंचवट्याच्या पुढून पाणी येत नाही, आधी मागची वाट भरते. तुम्ही समोर बघत बसता आणि परत यायच्या वाटेत गुडघाभर पाणी झालेलं असतं.

शनिवारी सकाळी बोट. आई, मुलगी, नवरा आणि मी. पहिली बोट ठरली होती आठची, भाव चौघांचे मिळून १,६००, पण आणखी सात जण आधीच बसलेले. जॅकेटं सगळी मोठ्यांची. मुलीला एक घातलं. मी तिच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढून पाहिलं, तर ते थेट कानांपर्यंत आलं. पाण्यात असं जॅकेट डोक्यावरून निघून जातं. लहान मापाचं आहे का विचारलं तर "काय होत नाय ताई" असं उत्तर मिळालं. आम्ही उतरलो. मागे बसलेल्यांनी डोळे फिरवले, फिरवू देत. पाऊण तास थांबलो. दुसऱ्या बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता रंगवलेली होती, वहीत सगळ्यांची नावं, वयं आणि घरचा एक मोबाईल नंबर लिहून घेतला, आणि मुलांची जॅकेटं वेगळ्या ढिगात होती, पायांच्या मधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. फक्त आम्ही चौघं, २,००० रुपये. चारशे रुपये जास्त गेले, पण ते वाचवायची जागा ही नव्हे.

डॉल्फिन दिसले. म्हणजे पाठी दिसल्या, दोन वेळा, लांब. मुलीनं पाच मोजले, मी तीन. त्सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या उंचवट्यावर उतरवतात, २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं गावात सांगतात. शनिवारी आणि तेही २६ जानेवारीला जोडून, तिथे पाण्यावरच्या स्कूटरींचा आवाज, केळ्याच्या आकाराची फुगवलेली बोट, भेळ, रांगा. माझं स्पष्ट मत, लहान मूल असेल तर तिथे उतरू नका. आम्ही भोगव्याच्या बाजूनं एक वळसा मारून दहाच्या आत परतलो. बंदरातून बाहेर पडताना बोट आपटते, कंबरदुखीवाल्यांनी मधल्या फळीवर बसावं. आई मुद्दाम पुढे बसली आणि संध्याकाळी तिनं बाम मागितला.

सासूबाई आणि धाकटा तोवर माडांखाली बसून होते.

दीड वाजता सहाही जण निघालो. ऊन भयंकर. एकादशीच्या सुकतीचा हाच तोटा, पाणी चांगलं पण सूर्य डोक्यावर. काकूंकडून एक प्लास्टिकची खुर्ची आणि जुनी मोठी छत्री घेतली. खुर्चीचे पाय ओल्या वाळूत रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली करवंटी उपडी घातली. ही युक्ती सासूबाईंची.

संगमाच्या टोकाकडे गेलोच नाही. खाडीच्या आतल्या अंगाला, वळणाआड, वाळू उघडी पडली होती आणि तिच्यावर टाचभर पाण्याची डबकी साचलेली. लांबवर दोन बायका कोयतीनं वाळू उकरून मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढत होत्या. आणि जिकडेतिकडे मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वाळूच्या गोळ्या, हजारो, मधे एक बारीक भोक आणि भोवती गोळ्यांच्या रांगा, रांगोळीत ठिपके काढावेत तशा. धाकटा उकिडवा बसला. दोन मिनिटं हललो नाही तेव्हा भोकातून नखाएवढी कुर्ली बाहेर आली. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालत होती, घोळवत होती आणि गोळी करून पायांनी मागे टाकत होती. वाळूतलं खाणं तेवढं घेऊन बाकीची परत. शिंक आली तेवढ्यानं गायब.

"कुठे गेली?" त्याचं पुढचं सगळं तासभर हेच चाललं. एका भोकावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. एक कुर्ली डबक्याच्या काठाला होती, ती पळाली पाण्यात, हा तिच्यामागे. घोट्याच्या वर, मग पोटरीपर्यंत. कुणीही काही बोललं नाही. नवरा फोटो काढायला मोबाईल उचलत होता, सासूबाईंनी छत्रीच्या टोकानं त्याचा हात खाली केला. मग पोरगा आपणहून वळला, पाण्याकडे बघितलं, "हे गरम आहे" म्हणाला, आणि परत कुर्लीच्या मागे.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं समजू नका. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला नेला तर लाटेचा आवाज ऐकूनच तो मानेला चिकटला. खाडीचं पाणी चालतं, समुद्राचं नाही, असा त्याचा निवाडा आहे. तसंही त्या बाजूला वाळू एकदम उतरती आहे, मोठ्यांनीही जपून जावं.

साडेतीनला मागची वाट बघितली. येताना कोरडी होती तिथे आता घोटाभर पाणी आत सरकत होतं, फेस नाही, आवाज नाही. निघालो.

रविवारी भरती नऊला होती. सकाळी साडेआठ ते साडेनऊ खाडी काठोकाठ भरून अर्धा तास अगदी थबकते, ती वेळ आईनं साधली. खोलीमागच्या पायरीवरून कंबरभर पाण्यात उतरली, नवरा शेजारी. दुपारी सामान बांधलं. वेटिंग? शनिवारी रात्रीपर्यंत आमची तिघांची नावं आरएसीवर आली होती आणि चार्ट लागल्यावर दोन बर्थ कन्फर्म, एक अर्धा. सव्वासहाच्या सुमारास कुडाळहून तुतारी, मुलगी आणि धाकटा एका बर्थवर उलटसुलट झोपले.

एकूण खर्च मोजला. रेल्वेचे दोन्ही बाजूंचे साधारण दहा हजार, गाडी ३,२००, खोल्या ८,८००, जेवणखाण साडेसहा हजार, कारण सुरमईची थाळी महाग आहे आणि आई दोन वेळा सोलकढी जादा मागते. बोट २,०००, किरकोळ बाराशे. म्हणजे साडेएकतीस हजारांच्या वर. शाळेच्या सुट्टीत आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या आठवड्यात जायचं असेल तर तिकिटांचं आधी बघा, मग खोलीचं. मे संपता संपता होड्या बंद होतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत. आणि गेल्या वर्षीचे फोटो बघून "इथेच बसू" असं ठरवू नका, पावसाळ्यानंतर वाळू जागा बदलते. तिथल्याच माणसाला विचारा.

परवा सासूबाईंनी कालनिर्णय काढून एप्रिलचं पान उघडलं. "पौर्णिमा १२ला, शनिवार. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला सुकती. ऊनही नाही."

मी म्हटलं, पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त.

"टोकाकडे कोण जातंय? आतल्या बाजूला बसू. आणि १४ सोमवार, आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे." पान परत लावलं. "बोटीत मी बसणार नाही, ते तसंच."

११ एप्रिलच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण १० फेब्रुवारीला उघडतं. मुलीच्या परीक्षेच्या तारखा शाळेनं अजून सांगितलेल्या नाहीत. तरी गजर लावून ठेवलाय, आठला पाच कमी असताना.